पालकसभा, मेळावे आणि कार्यशाळा: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

वस्तीत, गावात किंवा सोसायटीत शाळकरी मुलांच्या पालकांसाठी कार्यक्रम भरवायचा म्हटलं, की ठरावीक प्रश्न येतातच. काही आई-बापांचे असतात, काही आजी-आजोबांचे, काही कार्यक्रम भरवणाऱ्या ताई-दादांचे. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. उपदेश ऐकायला पालक एकदाच येतात. आज रात्रीच मुलाबरोबर करून बघता येईल असं काही मिळालं आणि आपल्यासारख्याच चार जणांशी मोकळं बोलता आलं, तर ते पुन्हा येतात. खालच्या बहुतेक उत्तरांमागे हाच विचार आहे.

शाळेत पालकसभा होतेच की. मग आणखी वेगळा कार्यक्रम कशाला?

शाळेच्या सभेत बराचसा वेळ गुण, हजेरी, सहल, गणवेश आणि सूचना यांत जातो. तेही लागतंच. पण साठ पालक, एक शिक्षक आणि तासभर वेळ, एवढ्यात 'माझी मुलगी हल्ली घरी काहीच बोलत नाही' हे कोण सांगणार? तिथे पालकाला आपलं मूल इतरांपुढे उघडं पडेल अशी भीती असते. वस्तीतल्या छोट्या बैठकीत दहा-बारा जण असतात, गुणपत्रक कुणाच्या हातात नसतं आणि शेजारची बाई म्हणते, 'अगं, माझ्याकडेही तसंच चाललंय.' तेवढ्यानंही पालकाच्या मनावरचं ओझं हलकं होतं.

मी शाळा शिकले नाही. मला तिथे येऊन काय कळणार?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा तो हळू आवाजात, दारात उभं राहून विचारला जातो. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

महाराष्ट्रात 2022 पासून 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानात गावोगावी माता पालक गट तयार झाले. एका आळीतल्या, एका वस्तीतल्या चार-सहा आया एकत्र बसतात. त्यांच्यातली एक 'लीडर माता' असते. तिच्या मोबाइलवर छोटा व्हिडिओ किंवा आयडिया कार्ड येतं आणि त्यातली कृती सगळ्या जणी आपापल्या घरी मुलांकडून करून घेतात. त्या कृतींना शाळा शिकलेली असण्याची अटच नाही. धुतलेल्या कपड्यांतले मोठ्यांचे आणि लहानांचे वेगळे करणं म्हणजे वर्गीकरण. पोळ्या मोजून ताटात वाढणं म्हणजे एकास-एक संगती. 'आज बाजारात काय काय पाहिलंस?' असं विचारून ओळीनं सांगायला लावणं म्हणजे भाषेचा अभ्यास. ही कामं तुमच्या घरात रोजच होतात. त्यात मुलाला सामील करून त्याच्याशी बोलत राहायचं, एवढंच नवीन.

वाचता न येणारी आई मुलाला वाचायला बसवू शकते का? हो. 'मला वाचून दाखव, मला येत नाही' असं म्हणणाऱ्या आईसमोर मूल फार मनापासून वाचतं, कारण त्या वेळी ते खरोखर कुणाच्या तरी उपयोगी पडत असतं. मध्येच 'मग पुढे काय झालं?' आणि 'तो असं का वागला?' हे दोन प्रश्न विचारा. गोष्ट कळल्याशिवाय त्यांची उत्तरं देता येत नाहीत.

मूल यंदा पहिलीत जाणार आहे. शाळेत मेळाव्याला बोलावलंय. तिथे परीक्षा घेतात का?

परीक्षा नाही. वर सांगितलेल्या 'पहिले पाऊल' अभियानात शाळेच्या आवारात दोन मेळावे भरतात, पहिला साधारणपणे एप्रिलच्या सुमारास आणि दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना. सात टेबलं मांडलेली असतात: नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांसाठी मार्गदर्शन. मूल उडी मारतं, कागदाची घडी घालतं, चित्र पाहून बोलतं, कमी-जास्त ओळखतं. काय जमतं आणि कशाला अजून मदत लागेल हे विकासपत्रावर लिहून ते आईच्या हाती देतात.

हे पत्र दोन मेळाव्यांदरम्यानच्या उन्हाळी सुटीत वापरायचं असतं, फ्रिजवर चिकटवून ठेवायचं नसतं. आणि शेजारच्या मुलाच्या पत्राशी ते ताडून पाहू नका. सहा वर्षांच्या दोन मुलांत सहज वर्षभराचा फरक दिसू शकतो आणि तरीही दोघांचं व्यवस्थित चाललेलं असतं.

कार्यशाळेत दीड तास नेमकं करतात काय?

भरवणाऱ्यावर अवलंबून आहे. आम्हाला चांगली वाटते ती पद्धत सांगतो.

सुरुवातीला पालकांनाच काहीतरी करायला लावायचं. उदाहरणार्थ, डावखुऱ्यांनी उजव्या आणि उजवखुऱ्यांनी डाव्या हातानं आपलं नाव वीस वेळा लिहायचं, आणि कुणीतरी मागून 'लवकर, लवकर, अक्षर बघ कसं काढलंयस' असं म्हणत फिरायचं. दोन मिनिटांत हात दुखतो, राग येतो, पेन ठेवून द्यावंसं वाटतं. दुसरीतल्या मुलाला गृहपाठाच्या वेळी काय होतं, हे मग वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्यानंतर विषय एकच. वाचन असेल तर वाचनच. 2005 पासून देशाच्या ग्रामीण भागात होणाऱ्या 'असर' या शिक्षणविषयक पाहणीत वाचनाची जी साधी तपासणी असते, तिची पद्धत इथे छान उपयोगी पडते: मुलाला आधी सोपा उतारा द्यायचा, जमला तर गोष्ट, अडलं तर शब्द, तेही अडलं तर अक्षरं. पाच मिनिटांत मूल कुठल्या पायरीवर आहे ते समजतं. पाचवीतलं मूल शब्दांवर अडलेलं दिसलं की पालकाच्या चेहऱ्यावर आधी राग येतो, मग भीती. त्या क्षणी कार्यशाळा घेणाऱ्यानं शेजारी बसायला हवं. मुलाला ओरडून ती पायरी चढवता येत नाही. रोज पंधरा मिनिटं, त्याच्या आजच्या पायरीवरचा मजकूर, आणि चुकलं तर शब्द आपण सांगून पुढे जायचं. दोन महिन्यांनी पुन्हा तपासायचं.

शेवटची पंधरा मिनिटं गप्पांची. ती कधीच कापू नयेत. वक्त्याचं भाषण लांबलं तर भाषण कापावं.

वाचायला पुस्तकं कुठून आणायची? घरात पाठ्यपुस्तकांशिवाय काही नाही.

बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. धाकट्याला थोरल्याच्या जुन्या पुस्तकातले धडे गोष्टीसारखे वाचायला आवडतात. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी विनामूल्य आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तकं स्वस्त असतात. शासनमान्य सार्वजनिक वाचनालय जवळ असेल तर बालविभाग आहे का ते विचारा. नसेल तर दहा पालकांनी मिळून अर्ज द्या. पालक गटानं प्रत्येकी एक पुस्तक घेतलं आणि महिन्याला फिरवलं, तर वर्षभर पुस्तकांची चणचण पडत नाही.

वेळ कोणती ठेवावी? आम्ही बोलावतो, पण कुणी फिरकत नाही.

बहुतेकदा वेळ चुकलेली असते, पालक नाही. सकाळी अकराची बैठक म्हणजे रोजंदारीवरच्या आईचा अर्धा दिवस बुडणार. गावात आठवडी बाजाराचा दिवस टाळा. शहरात वस्तीच्या नळाला पाणी येण्याची वेळ टाळा, भांडी सोडून कुणी येणार नाही. पेरणी आणि काढणीच्या दिवसांत बैठक रात्रीच्या जेवणानंतर देवळाच्या पारावर किंवा अंगणवाडीत घ्या. धुणीभांडी करणाऱ्या बायकांना दुपारी तीन ते साडेचार मोकळीक असते. सोसायटीत रविवारी सकाळी दहा.

निमंत्रण व्हॉट्सॲपवर टाकून थांबू नका. दारोदार जाऊन तोंडी बोलावल्यावर येणाऱ्यांची संख्या लगेच बदलते. आणि बोलावताना 'तुमच्या मुलाच्या प्रगतीबद्दल बोलायचंय' असं चुकूनही म्हणू नका. ऐकणाऱ्याला वाटतं, पोरानं काहीतरी केलंय.

सण हाताशी असतातच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदी-कुंकवाला बायका आपणहून जमतात. वाण म्हणून छोटं गोष्टीचं पुस्तक किंवा रंगपेटी द्यावी आणि अर्धा तास मुलांबद्दल बोलावं. मात्र त्या दिवशी विधवा आणि एकट्या आयांनाही तितक्याच मानानं बोलवा. शाळकरी मूल त्यांच्याही घरात आहे, आणि आधाराची गरज बऱ्याचदा त्यांनाच जास्त असते. गणेशोत्सवात मंडळाचा मांडव आणि माइक आयता असतो. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आणि 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, हे दोन्ही दिवस शाळेला बरोबर घेऊन करण्यासारखे आहेत.

बैठकीला लहान बाळाला कुठे ठेवू?

बरोबर आणा. बाजूला एक सतरंजी, रंगीत खडू, जुने कागद आणि नववी-दहावीतल्या दोन ताया एवढं असलं की भागतं. ही सोय नसेल तर आयोजकांना विचारा, लाजू नका. मुलं सांभाळण्याची सोय नसलेला पालकांचा कार्यक्रम अर्धवटच म्हणावा लागेल.

बाबांनी यायचं का? सगळ्या बायकाच असतात.

यायचंच. फक्त आयांना बोलावून मुलाच्या अभ्यासाची सगळी जबाबदारी पुन्हा आयांवरच टाकली जाते, आणि हे बदलायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं. 'पालक' म्हणून निमंत्रण दिलं की घरात त्याचा अर्थ 'आई' असाच लावतात. म्हणून चिठ्ठीवर वडिलांचं नाव लिहा. बाप मंडळी भाषणाला कंटाळतात, पण काम दिलं की रमतात: मुलांबरोबर पतंग, आकाशकंदील, किल्ला बांधणं, सायकलची साखळी बसवणं. दिवाळीच्या सुटीत बाप-लेकरांचा किल्ला हा उत्तम कार्यक्रम आहे. हात मातीत असताना मुलं जे सांगतात, ते समोर बसवून विचारलं तर सांगत नाहीत.

आजी-आजोबा, मामा, मोठी बहीण, मूल ज्यांच्याकडे वाढतंय ते सगळे पालकच. नातं विचारून कुणाला परत पाठवू नये.

मोबाइलबद्दल तुमचं काय म्हणणं?

प्रत्येक बैठकीत हा विषय निघतो आणि तासभर पुरतो. थोडक्यात: मुलाचा मोबाइल हिसकावून घेण्यापेक्षा घरासाठी नियम ठरवा आणि ते मोठ्यांनाही लागू करा. जेवताना कुणाच्याच हातात फोन नाही. झोपताना सगळे फोन एका ठिकाणी, झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना साधारण नऊ ते बारा तास झोप लागते, आणि मोबाइलचं पहिलं नुकसान होतं ते झोपेचं. एका खोलीचं घर असेल तर 'खोलीबाहेर' जमणार नाही, मग फडताळाच्या वरच्या कप्प्यात.

अभ्यासाचे व्हिडिओ बघतोय म्हणणाऱ्या मुलाशेजारी दहा मिनिटं बसा आणि 'मला पण समजाव' म्हणा. खरंच अभ्यास चालू असेल तर ते आनंदानं समजावतं.

शिक्षक म्हणतात मूल हुशार आहे पण आळशी आहे. लिहायला टाळतं. मार द्यावा का?

नाही. मारून लिहिणं येत नाही, लिहिण्याची भीती बसते. शाळेनंही मारता कामा नये. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळा नीट न दिसणारी कितीतरी मुलं 'लक्ष देत नाही' म्हणून बोलणी खातात. दोन्ही ठीक असून तिसरी-चौथीपर्यंत वाचन-लेखनात मूल सतत अडत असेल, तोंडी सगळं सांगतं पण कागदावर उतरत नसेल, अक्षरं आणि अंक उलटेसुलटे होत असतील, तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात अडचण येण्याच्या स्थितीची, तपासणी करून घ्यावी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत तिचा समावेश आहे. मुंबईत सायन रुग्णालयात यासाठी वेगळं केंद्र आहे. इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. प्रमाणपत्रानं मुलावर शिक्का बसेल असं अनेक घरांत वाटतं. खरं तर 'आळशी' हा शिक्का आधीच बसलेला असतो, आणि तो पुसायची वाट इथूनच जाते.

वयात येणं, चांगला-वाईट स्पर्श, असे विषय सगळ्यांसमोर कसे बोलणार?

हे विषय दोन बैठकांत विभागावेत. पहिली फक्त पालकांची. तिथे अवयवांची नावं मोठ्यानं उच्चारायचा सराव पालकांनीच करायचा असतो, कारण अडखळतो ते आपण. मुलं नाही. दुसरी बैठक मुलांची, वयानुसार गट करून. पाळीबद्दल मुलग्यांनाही सांगावं, अशी आमची ठाम सूचना आहे.

मुलानं काही सांगितलं तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. मुलावर विश्वास ठेवा. 'तू तिथे गेलासच कशाला' हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. आणि घरातल्या घरात मिटवू नका. 2012 च्या पॉक्सो, म्हणजे मुलांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणाऱ्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती असलेल्या प्रत्येकानं ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, कार्यशाळा घेणाऱ्यानंही. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 चोवीस तास चालू असते. मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे. म्हणून त्या बैठकीत जे बोललं गेलं ते पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर अजिबात जाता कामा नये.

दहावीचं वर्ष आहे. घरातलं वातावरणच तंग झालंय.

परीक्षेआधीच्या डिसेंबर-जानेवारीत पालकांची वेगळी बैठक ठेवावी, मार्चमध्ये फार उशीर होतो. तिथे अभ्यासाच्या युक्त्यांपेक्षा घरातल्या बोलण्यावर भर असावा. पालकांना एकच कृती द्या: काल दिवसभरात मुलाशी बोललेली वाक्यं आठवून लिहा, आणि त्यांतली अभ्यास सोडून दुसऱ्या विषयावरची किती ते मोजा. कित्येकांना एकही सापडत नाही. मुलाची झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं ते बोलत असेल, तर परीक्षा संपायची वाट पाहू नका. टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन 14416 वर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. पालकही स्वतःसाठी फोन करू शकतात.

शाळेबद्दल तक्रार आहे. ती या कार्यक्रमात मांडू का?

मन मोकळं करा, पण तक्रारीची जागा वेगळी आहे. सरकारी, जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. अध्यक्ष पालकच असतो. शाळेचा विकास आराखडा, पोषण आहार, स्वच्छतागृहं हे सगळं तिच्या कक्षेत येतं. खाजगी शाळांत 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला हवा, आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे पालक त्याचे सभासद असतात.

अडचण अशी, की कितीतरी समित्या सह्यांपुरत्या असतात. एक संपूर्ण कार्यशाळा याच विषयावर घ्या: समितीचं इतिवृत्त कसं वाचायचं, प्रश्न लेखी कसा द्यायचा, पोच कशी घ्यायची. सभेत न बोलणाऱ्या आया इथे सराव करून गेल्या की पुढच्या सभेत बोलतात.

आम्ही ऊसतोडीला जातो. सहा महिने गावातच नसतो.

मग तुमची बैठक दसऱ्याच्या आसपास, टोळ्या निघायच्या आधी व्हायला हवी. बीड, अहिल्यानगर, जालन्याच्या गावांत तीच सगळ्यात महत्त्वाची. मुलाला आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता येईल का, हे आधी विचारा. मूल बरोबर जाणारच असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येतं. मागे राहणाऱ्या मुलांसाठी आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी फोन, आणि सांभाळणाऱ्या आजीला या बैठकांचं निमंत्रण, या दोन गोष्टी गटानं अंगावर घ्याव्यात.

आमच्या घरी मराठी बोलत नाहीत.

पावरी, भिली, कोरकू, तेलुगू, कन्नड, हिंदी, उर्दू, जी असेल ती भाषा मुलाशी भरपूर बोला. घरच्या भाषेत गोष्टी ऐकलेलं मूल दुसरी भाषाही चांगली शिकतं. बैठकीत दोन्ही भाषा येणारी एक शेजारीण असली की पुरे.

खर्च किती येतो? पालकांकडून पैसे घ्यावेत का?

वस्तीतल्या बैठकीला चहा, तक्ते आणि खडू एवढाच खर्च. प्रवेशशुल्क ठेवू नका. ज्याला यायची सगळ्यात जास्त गरज आहे तो त्यामुळेच मागे राहतो. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचा 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावा लागतो, त्यातून मागणी करता येते. ती ग्रामसभेत, लेखी करा. जागा फुकट मिळवण्याकडे लक्ष द्या: समाजमंदिर, अंगणवाडी, शाळेचा वर्ग, वाचनालय.

वस्तू विकण्यासाठी 'मोफत पालक सेमिनार' घेणाऱ्यांपासून सावध राहा. शेवटी महागडा क्लास किंवा बुद्धी वाढवण्याचं पॅकेज गळ्यात मारत असतील, तर तो जाहिरातीचा कार्यक्रम होता असं समजा.

आमच्याकडे असं काहीच होत नाही. सुरुवात कशी करू?

शाळेच्या फाटकाशी रोज भेटणाऱ्या तीन-चार पालकांपासून. कुणाच्या तरी ओट्यावर, महिन्याच्या एका ठरलेल्या वारी, तासभर. पहिल्या दोन-तीन बैठकांना वक्ता बोलवू नका, एकमेकांची ओळख होऊ द्या. मुलांच्या शिक्षकांना कल्पना द्या, म्हणजे हे आपल्याविरुद्ध चाललंय असं त्यांना वाटणार नाही. पुढे तेच तुमच्या कामी येतील. पहिला विषय सोपा घ्या: 'मुलं शाळेतून आल्यावरचा पहिला अर्धा तास.' दप्तर उघडून वह्या तपासायच्या आधी खायला काय देता, काय विचारता, ते प्रत्येकानं सांगायचं. एका वहीत तारीख, हजर असलेल्यांची नावं आणि ठरलेली एक कृती लिहून ठेवा. पुढच्या वेळी सुरुवात त्याच कृतीपासून करायची: कुणी केली, काय झालं, कुठे अडलं.